आंधळे कोणास म्हणावे?



१९८१ सालच्या जनगणनेच्या वेळची गोष्ट आहे. आमच्या गावी घरमोजणीसाठी शाळेतले एक गुरुजी आले होते. ओसरीवर बसून, मांडीवर कागद ठेवून ते एकेक प्रश्न विचारीत होते. त्यांत एक प्रश्न असा होता की, घरात पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे किंवा पूर्ण मुके असे कोणी आहे काय? वडिलांनी तत्काळ उत्तर दिले, "नाही, देवाच्या कृपेने तसं कोणी नाही." हे बोलणे चालू असतानाच माझ्या थोरल्या आत्या माजघराच्या उंबऱ्यापाशी आल्या. एक हात भिंतीवर टेकलेला, दुसरा हात पुढे केलेला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना कळे, आणि माणसे त्या पावलांच्या आवाजावरून ओळखीत. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले. वडील म्हणाले, "अक्कांना जरा कमी दिसतं, वयोमानाप्रमाणे." गुरुजींनी मान डोलावली आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

वडील खोटे बोलले होते असे मला वाटत नाही. आमच्या बोलीत आंधळा म्हणजे जन्मांध, किंवा लहानपणी देवी येऊन ज्याचे डोळे गेले तो. म्हाताऱ्या माणसाला 'कमी दिसते'. या दोन शब्दप्रयोगांच्या फटीत त्या दिवशी माझी आत्या नाहीशी झाली. तशी लाखो माणसे देशाच्या मोजणीतून वेळोवेळी नाहीशी झाली आहेत, तर काही वेळा, त्यांच्या डोळ्यांत कसलाही बदल झालेला नसताना, एकाएकी प्रकटही झाली आहेत. आंधळे कोणास म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता शब्दकोशाचा वाटतो. पण त्याला स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि तोच आज मी आपणांस सांगणार आहे.

नेत्रविकारांची वर्गवारी आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ विकार सांगितले आहेत. ते दोषांवरून विभागलेले आहेत, तसेच डोळ्याच्या कोणत्या भागात विकार झाला यावरूनही विभागलेले आहेत. संधी, पापणी, पांढरे बुबुळ, काळे बुबुळ, दृष्टी अशी ती स्थाने होत. परंतु याहून लक्षणीय गोष्ट आहे ती तिमिर या विकाराच्या वर्णनाची. तिमिर एका पडद्यातून दुसऱ्या पडद्यात शिरत जातो, माणसाला आधी माश्या आणि जाळी दिसू लागतात, मग आकृती अस्पष्ट होतात, आणि शेवटी लिंगनाश होतो. त्या अखेरच्या अवस्थेतही, रोग अगदी मुरलेला नसेल तर, सूर्य, चंद्र, नक्षत्रे, वीज अशा तेजस्वी वस्तू तेवढ्या रोग्याला जाणवतात, असे सुश्रुत सांगतो. म्हणजे 'दिसत नाही' आणि 'उजेडही कळत नाही' या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, हे त्याने ओळखले होते. आधुनिक वर्गवारीत या दोन पायऱ्यांना स्वतंत्र क्रमांक मिळाले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या पावात.

लोकभाषेनेही आपल्या परीने वर्गवारी केलीच होती. मोतीबिंदू, काचबिंदू, खुपऱ्या, डोळ्यात फूल पडणे, वडस, रातांधळेपणा, काणा, अधू, तिरळा असे किती तरी शब्द आपल्याजवळ आहेत. मात्र हे शब्द रोगाचे रूप सांगतात. दृष्टी किती उरली ते सांगत नाहीत. डोळ्यात फूल पडलेला माणूस शेत नांगरू शकेल की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. आणि राज्यकर्त्याला माणसे मोजावयाची असली म्हणजे नेमके तेच हवे असते.

हिंदुस्थानात इंग्रजी अमदानीत १८८१ साली देशभर जी जनगणना झाली, तिच्यात वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि कुष्ठरोगी अशी चार प्रकारची माणसे वेगळी मोजली गेली. दोन्ही डोळ्यांनी आंधळा असेल त्याचीच नोंद करावी, एका डोळ्याच्या माणसाची करू नये, एवढीच काय ती व्याख्या. त्या वर्षी आंधळ्यांचा आकडा सव्वापाच लाखांवर भरला. वीस वर्षांनी, १९०१ साली, तो साडेतीन लाखांवर आला. देशाची लोकसंख्या वाढली होती, आणि आंधळे मात्र तिसऱ्या हिश्श्याने घटले होते! ही घट इस्पितळांची पुण्याई होती काय? थोडीफार असेलही. परंतु १८९६ ते १९०० या काळात देशाने दोन भयंकर दुष्काळ पाहिले होते, आणि दुष्काळात आंधळी-पांगळी माणसे सर्वांआधी मरतात. शिवाय त्या वर्षी माहिती सुट्या चिठ्ठ्यांवर उतरवून घेण्याची नवी पद्धत आली होती, आणि नकलून घेताना कारकुनांच्या हातून अशा नोंदी गळाल्या असाव्यात असा संशय पुढच्या जनगणनेच्या अधिकाऱ्यांना आला. मृत्यू, दुर्लक्ष आणि औषधोपचार या तिन्ही गोष्टी कागदावर एकाच आकड्याच्या रूपाने दिसतात, हे या प्रकरणात मला फार अस्वस्थ करणारे वाटते.

तरीही त्या जुन्या अहवालांना नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. पंजाब-राजपुतान्यासारख्या कोरड्या, धुळीच्या, रखरखीत उन्हाच्या मुलखात अंधत्व अधिक, आणि बंगाल-आसामच्या ओल्या, हिरव्या प्रदेशात कमी, हे त्यांनी नोंदवून ठेवले. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक आढळते हेही त्यांनी पाहिले, आणि त्याचे कारण चुलीच्या धुरात शोधले. धुराचा वाटा किती, हे ठरविणे सोपे नाही. परंतु स्त्रियांचे डोळे अधिक जातात आणि त्यांना उपचार उशिरा मिळतात, हे एकविसाव्या शतकातील पाहण्यांतूनही पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

१९३१ साली आंधळ्यांची संख्या सहा लाख भरली. १९४१ च्या जनगणनेतून हा रकानाच वगळला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९४४ साली, सरकारने नेमलेल्या एका समितीचा हिंदुस्थानातील अंधत्वाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सर क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे गृहस्थ या कामात अग्रभागी होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, गॅलिपोलीच्या रणांगणावर त्यांचे स्वतःचे डोळे गेले होते. पुढे आपल्या भाषांसाठी जी एकच ब्रेल लिपी १९५१ साली मान्य झाली, तिच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा आहे. तर या समितीचा अंदाज असा की, देशात आंधळे सहा लाख नव्हेत, वीस लाख आहेत! तेरा वर्षांत देशाचे डोळे तिपटीने गेले, असे कोणी समजू नये. आधीच्या मोजणीत घरोघरच्या आत्या उंबऱ्याच्या आड राहिल्या होत्या, इतकेच.

मग मोजावे कसे? घरच्या माणसाला विचारून चालत नाही, आणि शेजाऱ्याला विचारूनही चालत नाही. मोजपट्टी हवी. ती १८६२ साली हॉलंडमधील उत्रेख्त शहरी हर्मन स्नेलन या नेत्रवैद्याने तयार केली. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेला, वरून खाली लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो त्याचाच. त्यामागची युक्ती साधी आहे. निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखता येते, ते एखाद्याला सहा मीटरपर्यंत जवळ आल्यावरच ओळखता येत असेल, तर त्याची दृष्टी सहा छेद साठ, म्हणजे ६/६०. निरोगी दृष्टी ६/६. तेच मोठे अक्षर तीन मीटरवर येईपर्यंत ओळखता आले नाही, तर दृष्टी ३/६० हून कमी. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी एकच इंग्रजी 'ई' चारही दिशांना फिरवून दाखवितात, आणि त्याचे दात कोणीकडे वळले आहेत ते हाताने दाखवावयास सांगतात. खेड्यापाड्यांत तेही जवळ नसेल तर हाताची बोटे पुढे धरतात. पसरलेली बोटे तक्त्यावरील सर्वांत मोठ्या अक्षराइतकीच जाड असतात असे ढोबळमानाने धरतात, त्यामुळे तीन मीटरवरून बोटे मोजता येत नसतील तर माणूस ३/६० च्या खाली गेला असे मानावयास हरकत नसते.

मोजपट्टी आली, पण रेघ कोठे मारावयाची हे मोजपट्टी सांगत नाही. एखाद्या नोकरशाहीला पेन्शन द्यावयाची असते, शाळेला विद्यार्थी घ्यावयाचे असतात, सैन्याला शिपाई नाकारावयाचे असतात. ज्याची त्याची रेघ वेगळी. अमेरिकेने १९३०-४० च्या दशकात ६/६० ही रेघ कायद्यासाठी पत्करली. १९६६ साली जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील अंधत्वाच्या व्याख्या एकत्र केल्या, तेव्हा त्या पासष्ट निघाल्या. एका देशाच्या सरहद्दीवर आंधळा असलेला मनुष्य पलीकडे पाऊल टाकताच डोळस ठरावा, अशी ती स्थिती होती.

ही अंदाधुंदी मोडण्यासाठी १९७२ च्या नोव्हेंबरात जिनीव्हा येथे या संघटनेचा एक अभ्यासगट बसला. त्याने सुचविलेली वर्गवारी पुढे रोगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीच्या नवव्या आवृत्तीत आली. तीत पाच पायऱ्या होत्या. ६/१८ च्या खाली पण ६/६० पर्यंत ही पहिली, तेथून ३/६० पर्यंत दुसरी. या दोहोंना अल्पदृष्टी म्हणावे. ३/६० च्या खाली अंधत्व सुरू होते, आणि त्याच्याही तीन पायऱ्या: १/६० पर्यंत, उजेड कळण्यापर्यंत, आणि उजेडही न कळणे. सुश्रुताचे सूर्यचंद्र येथे चौथ्या पायरीवर उभे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या वर्गवारीत आणखी एक शहाणपणाची गोष्ट होती, ती दृष्टिक्षेत्राची. काचबिंदूचा रोगी पुष्कळदा समोरचे बारीक अक्षर वाचतो, वर्तमानपत्रही वाचतो; परंतु त्याचे जग एखाद्या नळीतून पाहावे तसे आक्रसलेले असते. वाचून झाल्यावर तो उठतो आणि दारात बसलेल्या गाईला अडखळून पडतो. दृष्टीच्या मध्यबिंदूभोवती दहा अंशांहून कमी क्षेत्र उरले असेल, तर अक्षरे कितीही स्पष्ट दिसोत, त्या माणसाला अंधच गणावे असे ठरले.

परंतु या व्याख्येत एक छोटासा शब्दसमूह असा होता की, त्याने पुढची तीसएक वर्षे फार मोठा घोटाळा केला. दृष्टी मोजावयाची ती, चांगल्या डोळ्याची, 'शक्य तितका उत्तम चष्मा लावून'. वैद्याच्या खोलीत हे अगदी रास्त आहे. चष्म्याने ज्याला नीट दिसते त्याला रोगी कसे म्हणावे? परंतु तो चष्मा कोणाजवळ आहे?

येथे पुन्हा मला आत्यांकडे वळणे भाग आहे. जनगणनेनंतर दोनएक वर्षांनी तालुक्याच्या गावी नेत्रशिबिर भरले, आणि तेथे त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्या काळी शिबिरांतून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवीत नसत. डोळ्यातील भिंग काढून टाकावयाचे आणि त्याच्या जागी नाकावर जाड, बाटलीच्या बुडासारखा चष्मा द्यावयाचा. पट्टी सुटल्यावर आत्यांनी प्रथम पाहिले ते स्वतःचे हात, आणि "केवढे हे सुरकुतले!" असे म्हणून त्या हसल्या. पुढे आषाढीला पंढरपुरी गेल्या असता गर्दीत तो चष्मा पडून फुटला. परत आल्या त्या पुन्हा भिंतीला हात लावीत. दुसरा चष्मा मिळेपर्यंत किती महिने गेले ते आज आठवत नाही, पण दिवाळी त्यांनी चाचपडतच केली. आता, जिनीव्हाच्या व्याख्येप्रमाणे, उत्तम चष्मा लावून मोजले असते तर त्या डोळस होत्या. चष्मा नव्हता ही गोष्ट व्याख्येला ठाऊकच नव्हती.

आपल्या देशात १९८६ ते १९८९ या काळात जी मोठी पाहणी झाली, तिने माणूस ज्या दृष्टीने प्रत्यक्ष वावरतो ती दृष्टी मोजली, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या पाहणीत अंधत्वाचे पहिले कारण अर्थातच मोतीबिंदू, शंभरांत ऐंशी. दुसऱ्या क्रमांकावर चष्म्याच्या नंबराचे दोष, शंभरांत सातांहून अधिक. आणि शंभरांत साडेचारांहून अधिक अंध असे होते की, त्यांचा मोतीबिंदू निघालेला होता. पण भिंग गेलेल्या डोळ्याला चष्म्याची जोड नव्हती. म्हणजे माझ्या आत्यांची एक पूर्ण पंगतच होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली पुन्हा एक बैठक बोलाविली, आणि 'उत्तम चष्मा लावून' हे शब्द काढून त्या जागी 'माणूस जसा समोर येतो तशी दृष्टी' मोजावी अशी शिफारस झाली. परिणाम काय झाला पाहा. २००२ सालच्या हिशेबात जगातील दृष्टिबाधितांची संख्या १६ कोटी १० लाख होती. केवळ चष्म्याअभावी ज्यांना दिसत नाही अशांचा हिशेब पुढे स्वतंत्रपणे मांडला गेला, तेव्हा ते १५ कोटी ३० लाख निघाले. बेरीज जवळजवळ दुप्पट झाली. जगात कोणाचाही डोळा त्या दिवशी बिघडला नव्हता.

आता आपल्या देशाच्या रेघेकडे येऊ, कारण तेथेही एक कथा आहे. १९७१ ते १९७४ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत शंभरांत १.३८ माणसे अंध आढळली. १९३१ च्या जनगणनेतील प्रमाणाच्या हे आठपट होते. पंचावन्न कोटींच्या देशात पाऊण कोटी माणसे! १९६३ पासून खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम चालू होतीच. १९७६ साली तिच्या जागी अंधत्व नियंत्रणाचा व्यापक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि हे प्रमाण शंभरांत ०.३ वर आणावयाचे असे उद्दिष्ट ठरले. त्याच सुमारास देवीचा रोग देशातून कायमचा गेला. १९८६–८९ च्या पाहणीत मात्र प्रमाण १.४९ निघाले, म्हणजे कमी होण्याऐवजी किंचित वाढलेच. लोक अधिक जगू लागले होते आणि मोतीबिंदू वयाबरोबर येतो. पुढे शस्त्रक्रियांचा वेग वाढला, डोळ्यात भिंग बसविणे सर्रास झाले, मदुराईत १९९२ पासून ती भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली. २००१–०२ साली प्रमाण १.१ वर आले, २००६–०७ साली १.० वर.

या साऱ्या काळात आपण रेघ मारीत होतो ती ६/६० वर, जगाच्या रेघेपेक्षा वर. आपली व्याख्या उदार होती. २०१७ साली ती बदलून ३/६० करण्यात आली. जगाच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहता यावेत हे त्याचे कारण. २०१५ ते २०१९ च्या पाहणीचा निकाल आला तेव्हा देशातील अंधत्वाचे प्रमाण शंभरांत ०.३६ असे जाहीर झाले. अनेकांनी नाक मुरडले. १.० वरून ०.३६ ही उडी डोळ्यांची नव्हे, रेघेची आहे, असे ते म्हणाले.

हा आक्षेप तपासून पाहण्याजोगा आहे, आणि सुदैवाने तो तपासता येतो. पन्नाशी उलटलेल्या माणसांचे आकडे दोन्ही पाहण्यांत दोन्ही रेघांवर मिळतात. ३/६० ची रेघ धरली तर २००६–०७ साली शंभरांत ३.६ अंध होते, नव्या पाहणीत १.९९. जुनी ६/६० ची रेघ धरली तर आधी शंभरांत ८, आणि नंतर ३.९५ च्या आसपास. कोणतीही रेघ घ्या, घट जवळजवळ निम्म्याने आहे. ही घट खरी आहे, आणि ती शिबिरांत उभ्या राहिलेल्या वैद्यांची व परिचारिकांची कमाई आहे. मात्र १.० आणि ०.३६ हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून जी दोनतृतीयांश घट दाखविली जाते, ती त्यांच्या कमाईत रेघेची कमाई मिसळून दाखविली जाते. खरे यश पुरेसे मोठे असताना ही भेसळ कशासाठी करावी, हे मला उमगत नाही. आणि त्या दोन रेघांच्या मधली माणसे, पन्नाशीपुढल्या शंभर माणसांतली जवळजवळ दोन, कोठे गेली? त्यांच्यासाठी 'तीव्र दृष्टिबाधा' असा वेगळा रकाना आहे. अंधत्वाच्या ठळक मथळ्यात मात्र ती दिसत नाहीत.

जनगणनेतही असेच झाले. २००१ साली देशात दृष्टीने अपंग १ कोटी ६ लाख होते. २०११ साली ५० लाख. २००१ साली एका डोळ्याची माणसेही धरली होती, २०११ साली धरली नाहीत. कायद्याचे पाहावे तर १९९५ च्या अधिनियमात अंधत्वाची रेघ ६/६० होती, २०१६ च्या अधिनियमात ती ३/६० वर आली. आणि दोन्हींत चष्मा लावून मोजावे हीच अट राहिली. सवलती द्यावयाच्या कायद्याला ती अट ठेवावी लागते हे मला समजते. रुग्णालये कोठे काढावीत हे ठरविणाऱ्या पाहणीला ती ठेवून चालत नाही, हेही तितकेच खरे. एकाच शब्दाने दोन कामे करू पाहिली की असे होते.

खुपऱ्यांचा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून नाहीसा झाला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. ज्या मोहिमेपासून हे सारे सुरू झाले होते, तिचे सूत्र असे एकसष्ट वर्षांनी पुरे झाले.

दरम्यान रोगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली आहे, आणि तीत एक नवा रकाना आहे: जवळच्या दृष्टीचा. हातभर अंतरावरचे बारीक काम ज्यांना चष्मा असूनही, किंवा चष्मा नसल्यामुळे, दिसत नाही, तीही माणसे आता मोजली जातात. २०१९ च्या जागतिक अहवालात जगातील दृष्टिबाधितांचा आकडा २२० कोटींवर गेला तो मुख्यतः यामुळेच. चाळिशीचा साधा चष्मा न मिळालेली माणसेच त्यांत ८० कोटींहून अधिक आहेत. तांदळातले खडे वेचणे, सुईत दोरा ओवणे, औषधाच्या पुडीवरचे वाचणे, ही कामे आजवर कोणत्याही व्याख्येत बसली नव्हती.

आत्यांना मोतीबिंदू झाला तो पुष्कळ पुढे. त्याच्याही आधी, मी अगदी लहान असताना, दुपारच्या वेळी त्या गोधडी शिवावयास बसत आणि मला हाक मारीत. सुई आणि दोरा माझ्या हाती देत, आणि मी दोरा ओवून दिला की म्हणत, "तुझे डोळे चांगले आहेत रे बाबा." तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील.